मिडी वाजवायला काय घ्यावं : ऑनबोर्ड, ऑडिजी आरएक्स, यूएसबी इंटरफेस की घरातलाच कीबोर्ड?

सरळच सांगते. मिडी, म्हणजे वाद्यं कशी वाजवायची याच्या सूचना कॉम्प्युटरला देणारी फाइल, खरी वाटावी म्हणून कोणी आज महागातलं गेमिंगचं साउंड कार्ड घ्यायला निघालं असेल तर जरा थांबा. कार्ड वाईट नसेल, गाणी, सिनेमे, गेम त्यावर मस्त वाजतील, पण मिडीतली बासरी आणि व्हायोलिन आत्ता जशी वाजतायत अगदी तशीच त्या नव्या कार्डावरही वाजणार आहेत, कारण तो आवाज आजकालच्या बहुतेक कार्डांत नसतोच. तो असतो साउंडफॉन्टमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्यांचे सूर रेकॉर्ड करून बनवलेल्या फाइलमध्ये, आणि यातल्या बऱ्याच चांगल्या फाइली फुकट मिळतात. तेव्हा आवाज तिथे सुधारायचा, आणि पैसे घालायचेच असतील तर माइक लावता येईल असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीने बाहेरून जोडायचा साउंड कार्डासारखा डबा, घ्यायचा, हे माझं मत. सविस्तर लिहितेय कारण दुकानात विचारलं की हे कोणी सांगत नाही, सगळे ७.१ वर (आठ स्पीकरांच्या आवाजावर) नाहीतर लाइट लागणाऱ्या कार्डावर येतात.

आमचा ठाण्यात पाचपाखाडीला भावगीतं आणि अभंगांचा छोटा ग्रुप आहे, सराव आमच्याच घरी होतो, तबल्याला एक काका येतात, पेटी आणि कीबोर्ड मी बघते, आणि ज्या दिवशी वादक येऊ शकत नाहीत त्या दिवशी मिडी लावून सराव करतो. कराओके ट्रॅक का नाही, तर पट्टीमुळे. एकीला काळी चार लागते, दुसरीला काळी पाच, पुरुष मंडळी काळी एकच्या आसपास, आणि तयार ऑडिओ ट्रॅक दोन-तीन सूर खाली ओढला की त्याचा पार चोथा होतो, व्हायोलिन जाडं होतं, तबल्याचा ना हा बोल मऊ पडतो. मिडीत पट्टी बदलायची म्हणजे एक आकडा बदलायचा, लय कमी करायची तर तीही बदलते आणि सूर जागच्या जागी राहतो. ज्यांना गायकांबरोबर काम आहे त्यांना मिडीची खरी किंमत इथे कळते, म्हणून तर आवाज चांगला यावा यासाठी एवढी धडपड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला सूर, किती जोरात, कधी दाबला, कधी सोडला, पेडल होतं का, एवढ्याच सूचना असतात, म्हणून अख्खं गाणं काही केबीत मावतं. नोटेशनच्या वहीसारखं आहे हे, वही एकच पण ती कोणाच्या हातात पडते त्यावर गाणं ठरतं. कॉम्प्युटरमध्ये ही वही वाचून वाजवणारा जो कोणी आहे त्याला सिंथ म्हणा, आणि आपला सगळा प्रश्न हा सिंथ कुठे बसलाय एवढाच आहे.

पूर्वी तो खरोखर कार्डावर बसलेला असायचा, म्हणून साउंड कार्ड बदला हा सल्ला त्या काळी शंभर टक्के बरोबर होता. १९८७ च्या अॅडलिब कार्डावर यामाहाची एफएम चिप होती, ती गणिताने आवाज बनवायची, म्हणून जुन्या गेममधलं संगीत तसं टिणटिण वाजतं. १९९१ मध्ये जनरल मिडी ठरलं, १२८ वाद्यांचे नंबर पक्के झाले, वाद्यांच्या सूचना ज्या वेगवेगळ्या चॅनलवरून जातात त्यातला चॅनल १० तालवाद्यांना दिला, आणि त्याच वर्षी रोलँडचं साउंड कॅनव्हास एससी-५५ आलं ज्यात खऱ्या वाद्यांचे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर, होते. मग १९९४ मध्ये क्रिएटिव्हचं एडब्ल्यूई ३२ आलं, त्यात सगळी वाद्यं मिळून १ एमबीच्या रॉममध्ये बसवलेली आणि वर रॅम लावून आपले साउंडफॉन्ट टाकायची सोय. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हपासून तर नमुने कॉम्प्युटरच्याच रॅममध्ये राहायला लागले. पुढे प्रोसेसर इतके फास्ट झाले की वेगळ्या चिपची गरजच संपली, व्हिस्टापासून विंडोजनेही आवाजाची आतली व्यवस्था बदलली, आणि कार्ड बनवणाऱ्यांनी सिंथ काढूनच टाकला. मदरबोर्डवरच्या, म्हणजे ऑनबोर्ड, रिअलटेक चिपमध्ये मिडीचा सिंथ नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या कार्डांतही नाही. ती फक्त आकड्यांचा आवाज करून बाहेर सोडतात.

आता एकेक पर्याय.

पहिला, काहीच न घेता. विंडोजमध्ये मिडी फाइल उघडली की जो आवाज येतो तो मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथचा. त्यातले आवाज रोलँडकडून घेतलेले आहेत, पण सगळी १२८ वाद्यं आणि ड्रम मिळून साडेतीन एमबीच्या आतली फाइल आहे, मग त्यात किती जीव असणार. पियानो ओळखू येतो, व्हायोलिन पण ओळखू येतं, पण लांब सूर धरला की लगेच कळतं की छोटासा तुकडा गोल गोल फिरतोय. शिवाय कीबोर्ड जोडून वाजवायला गेलात तर बोट पडल्यावर आवाज यायला चांगला जाणवेल इतका उशीर लागतो, त्यामुळे वाजवण्यासाठी तो नाहीच.

याच ऑनबोर्ड चिपवर मी व्हर्च्युअलमिडीसिंथ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि साउंडफॉन्ट बदलून बघितले, आणि इथे जो फरक पडला तेवढा नंतर कुठलंही हार्डवेअर जोडून पडला नाही. जनरलयूजर जीएस हा साधारण ३० एमबीचा, लहान आहे पण फार विचाराने बनवलेला, सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांच्या मानाने बरोबर उंचीवर आहेत, म्हणजे कुठलीही अनोळखी मिडी लावा, बासरी कधी व्हायोलिनवर चढत नाही की ड्रम गाणं गिळून टाकत नाहीत. फ्लुइड आर३ हा १४० एमबीच्या आसपास, जास्त भरदार, लिनक्सवाल्यांच्या ओळखीचा. अॅराक्नो १५० एमबीच्या आसपास, गिटार आणि सिंथचे आवाज जास्त चमकदार, सिनेसंगीताच्या मिडीला बरा पण अभंगाला मला जरा भडक वाटला. नुसतं ऐकायचं असेल तर जनरलयूजरपासून सुरुवात करा असं मी कोणालाही सांगेन. पियानोच पाहिजे असेल तर सॅलॅमँडर ग्रँड पियानो ऐका, यामाहा सी५ ग्रँडचं रेकॉर्डिंग आहे, रेकॉर्ड केलेला एकेक सूर १६ वेगवेगळ्या जोरांवर घेतलाय, हळू दाबलं की नुसता आवाज कमी होत नाही तर सुराचा रंग बदलतो, आणि खरेपणा म्हणतात तो हाच. म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी वेगळं काही शोधायची गरज नाही, चौथ्या आवृत्तीबरोबर म्युझ साउंड्स फुकट मिळतात आणि त्यातली तंतुवाद्यं आणि कोरसचे आवाज ऐकून मी खरंच चकित झाले.

दुसरा पर्याय, क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर ऑडिजी आरएक्स. ज्यांना हार्डवेअरमध्येच साउंडफॉन्ट वाजवणारं कार्ड पाहिजे त्यांच्यासाठी हे एक नाव अजून घेता येतं, ई-म्यू या सिंथ बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या घराण्यातली चिप आहे, पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसतं. एका ओळखीच्यांच्या डेस्कटॉपवर ऐकलं. आवाज स्वच्छ आहे, हेडफोनसाठी ६०० ओहमपर्यंतचा अॅम्प आहे, रिव्हर्ब (हॉलसारखा घुमार) कार्डावरच होतो त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरही ताण येत नाही, आणि जुने गेम, मिडी लिहायचा जुना सिक्वेन्सर असं सगळं जपून ठेवलेल्या माणसाला हे कार्ड आवडेल यात शंका नाही. पण एकाच वेळी किती सूर वाजू शकतात याला चिपची मर्यादा आहे, आणि पेडल दाबून पियानो, मागे स्ट्रिंग्ज, वर बासरी, खाली ताल असं भरलेलं अरेंजमेंट असलं की ही मर्यादा कुठे ना कुठे आडवी येते. सॉफ्टवेअर सिंथमध्ये ती फारशी राहिलेली नाही, फ्लुइडसिंथ नावाचा असा एक सिंथ मुळातच २५६ सूर धरून चालतो आणि तेही वाढवता येतात. आणि लॅपटॉपवाल्यांचा प्रश्न तर इथेच संपला, स्लॉटच नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे घेऊ नये असं मला वाटतं.

जुनं रोलँड किंवा यामाहाचं मॉड्यूल, म्हणजे बाहेरून जोडायचा सिंथचा डबा, सेकंडहँड घ्यावं का असं पण काही जण विचारतात. रोलँडच्या एससी-८८ प्रो किंवा यामाहाच्या एमयू सिरीजच्या आवाजाला स्वतःचा थाट आहे, नव्वदच्या दशकातल्या मिडी ज्या मॉड्यूलवर बनल्या त्यावरच ऐकल्या की अगदी मोजून बसवल्यासारख्या वाजतात. पण जपानातून आलेलं असेल तर १०० व्होल्टचं आहे का ते आधी बघा, आपल्याकडच्या २३० ला थेट लावलं तर खेळ खलास. आणि तीस वर्षांच्या जुन्या वस्तूतले कपॅसिटर, बटणं, आतली बॅटरी हे सगळं तपासून देणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता यूएसबी इंटरफेस. मी बेहरिंगरचा यूएमसी२०४एचडी घेतला. का, तर त्याला मागे पाच पिनांचं मिडी इन आणि आउट दोन्ही आहे, पुढे दोन माइक किंवा वाद्यं लावता येतात, आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाजातला उशीर कमी करणारा) ड्रायव्हर आहे. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नुसती फाइल लावून ऐकायची असेल तर ड्रायव्हरने काही फरक पडत नाही, आवाज पाव सेकंद उशिरा सुरू झाला तरी कोणाला कळणार, पण कीबोर्डवर बोट ठेवून वाजवायचं असेल तर सगळं बफरवर, म्हणजे आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे सोडले जातात त्यावर, येतं. सेकंदाला ४४१०० सॅम्पलच्या रेटला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे ३ मिलिसेकंदाच्या आत, ५१२ म्हणजे साडेअकरा, १०२४ म्हणजे २३, आणि यात पुढे यूएसबीचा नि बाकीचा वेळ मिळवायचा. २५६ वर मला अजिबात अडखळल्यासारखं होत नाही, हजारावर गेलं की द्रुत लयीत हात मागे पडतो. याच कंपनीचा छोटा यूएमसी२२ स्वस्त आहे पण त्याला स्वतःचा एएसआयओ नाही, एएसआयओ४ऑल हा कुठल्याही कार्डाला चालणारा ड्रायव्हर लावून काम चालवावं लागतं, आणि मिडीचं सॉकेटही नाही. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ फार जणांकडे आहे, आवाजाला उत्तम, ड्रायव्हर उत्तम, पण पाच पिनांची मिडी पाहिजे असेल तर ४आय४ बघावा लागतो. तुमचा कीबोर्ड यूएसबीने जोडला जात असेल तर ते सॉकेट नसलं तरी चालतं.

डब्यावर लिहिलेल्या १९२ किलोहर्ट्झवर कृपा करून जाऊ नका. साउंडफॉन्टमधले नमुने बहुतेक १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे असतात, त्यापुढचा आकडा मिडीला काही देत नाही. ७.१ चंही तेच, जनरल मिडी स्टिरिओच आहे. दुकानदार "ताई, हे लेटेस्ट आहे, सेव्हन पॉइंट वन आहे" म्हणून आग्रह करतो, त्याला शांतपणे विचारायचं की एएसआयओ ड्रायव्हर कंपनीचा आहे का आणि आत्ता लॅपटॉपला लावून दाखवाल का.

आणि हो, यूएसबी-मिडीची बिननावाची स्वस्त केबल घेऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ऑनलाइन मागवलेली, साधे सूर ठीक, पण पेडल आणि पिच बेंड (सूर सरकवायची सूचना) एकदम आले की मधेच डेटा गळायचा आणि एखादा सूर वाजतच राहायचा, सराव थांबवून सगळं बंद करून परत चालू करायला लागायचं. चांगल्या केबलने तोच कीबोर्ड, तीच फाइल, काही अडचण नाही.

घरातल्या कीबोर्डचं तर लोक विसरूनच जातात. माझ्याकडे यामाहाचा पीएसआर-आय४५५ आहे, भारतीय मॉडेल, तबला, तानपुरा, पेटी असे आवाज आतच आहेत. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडला की कॉम्प्युटरवरची मिडी फाइल थेट कीबोर्डच्या आवाजात वाजते, म्हणजे तोच तुमचं बाहेरचं साउंड कार्ड झाला, एक रुपया न खर्चता. भारतीय आवाज निवडायचे तर मॅन्युअलच्या मागे प्रत्येक आवाजापुढे बँकचे दोन आकडे आणि प्रोग्रॅम नंबर दिलेला असतो, ते फाइलमध्ये टाकायचे. कीबोर्डवरूनच वाजवून सॉफ्टवेअरमधून परत कीबोर्डवर आणत असाल तर कीबोर्डवरचं लोकल (बोट पडताच आतला आवाज वाजणं) बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा वाजेल. ३२ सुरांची मर्यादा आहे, मोठ्या अरेंजमेंटला कमी पडते, पण साध्या अभंगाला, एक पेटी, एक तानपुरा, एक ताल, पुरून उरते. ज्यांच्याकडे असा कीबोर्ड आहे त्यांनी हे आधी करून बघावं, मग दुकानात जावं.

पण मिडीत खरी अडचण आपल्या वाद्यांची आहे आणि ती कुठल्याच कार्डाने सुटत नाही. जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत १०५ नंबरला सितार आहे, ११२ ला शहनाई, एवढंच. तबला नाही, पेटी नाही, तानपुरा नाही, ढोलकी नाही, बासरीच्या जागी पाश्चात्त्य फ्लूट. पेटीला लोक २१ नंबरचा रीड ऑर्गन किंवा २२ चा अकॉर्डियन लावतात, ऐकताना भागतं पण भात्याचा श्वास त्यात येत नाही, तो आणायचा तर आवाज कमी-जास्त करणारा एक्स्प्रेशनचा कंट्रोल, नंबर ११, प्रत्येक ओळीत हाताने वर-खाली काढावा लागतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, आणखी वेगळी. पिच बेंड मुळात वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढाच सरकतो, म्हणजे सा वरून रे पर्यंत कसाबसा, तर सा ते प मींड घ्यायची असेल तर ती मर्यादा वाढवायला लागते. फाइलच्या सुरुवातीला त्या चॅनलवर कंट्रोलर १०१ ला ०, १०० ला ० आणि ६ ला १२ पाठवायचं, मग पूर्ण सप्तक सरकतं. हे केल्यावर व्हायोलिन आणि बासरी एकदम आपली वाटायला लागतात, कार्ड बदलून जे झालं नसतं ते तीन आकड्यांनी होतं.

तबल्याची गंमत सगळ्यात मोठी. तबला बहुतेक जण चॅनल १० वर ठेवतात, तिथे प्रत्येक सुराचा नंबर म्हणजे एक वेगळा बोल. आता पट्टी बदलली की बाकी चॅनल वर-खाली होतात, पण दहावा चॅनल हलवायचा नसतो, हलवला तर ना च्या जागी भलताच बोल वाजेल. म्हणजे गाणं काळी चारवरून काळी पाचला गेलं आणि तबला तिथेच काळी चारला वाजतोय, मग सगळं नीट असूनही काहीतरी बेसूर का वाटतंय हे कळत नाही. यावर उपाय म्हणजे तबल्याचा संच दोन-तीन पट्ट्यांत वेगवेगळा ठेवायचा आणि गाण्याप्रमाणे निवडायचा. पॉलीफोन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात साउंडफॉन्ट उघडून एकेका नमुन्याचा सूर हलवता येतो, पण नमुना फार ओढला तर त्याचं कातडंच बदलल्यासारखं होतं, एखाद-दुसऱ्या अर्धस्वराच्या पुढे मी जात नाही.

मग आम्ही सरळ काकांचा तबला रेकॉर्ड केला. इंटरफेस घ्या असं मी एवढं का म्हणतेय त्याचं कारण हे. साउंड कार्डावर चांगला माइक लावायची धड सोय नसते, इथे दोन माइक लागतात, एक तबल्यावर, एक डग्ग्यावर. रात्री उशिरा, रस्त्यावरचा आवाज कमी झाल्यावर, खिडक्या बंद, पंखा बंद, आणि काकांनी एकेक बोल, ना, तिं, ते, गे, के, हळू, मध्यम, जोरात, प्रत्येक अनेकदा वाजवला. अनेकदा अशासाठी की एकच ना परत परत वाजला तर दोन आवर्तनांत मशिन कळून येते. साउंडफॉन्टमध्ये आळीपाळीने नमुने बदलायची सोय नाही, एसएफझेड नावाच्या फॉरमॅटमध्ये आहे, आणि तो वाजवणारा सफोर्झांडो प्लेयर फुकट आहे, म्हणून तबला आम्ही तिकडे केला. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा वर जातो तो पिच बेंडने आणायचा प्रयत्न करू नका, खोटा वाटतो, तो गे वेगळाच रेकॉर्ड करा, कमी घिस्सा, जास्त घिस्सा, असे दोन-तीन. भजनी ठेका लावून ऐकवला तेव्हा काका बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "अगं, हा माझाच हात आहे, फक्त जागा घेत नाहीये." जागा घ्यायच्या म्हणजे वेळेत किंचित मागेपुढे करायचं, सगळे बोल अगदी ग्रिडवर बसवायचे नाहीत, आणि जोर सगळीकडे १०० ठेवायचा नाही. मिडीत जोर १ ते १२७ असतो, तो वापरा. नेटवरून घेतलेल्या कित्येक फाइलींत सगळे सूर एकाच जोराचे असतात, त्या फाइली लाखाच्या स्टुडिओत नेऊन लावल्या तरी तशाच सपाट वाजतील.

स्पीकरबद्दल थोडं. इंटरफेसला मागे बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण कमी पकडणारं) आउटपुट असतं, अॅक्टिव्ह, म्हणजे आतच अॅम्प असलेले, स्पीकर घेतलेत तर वायर पण बॅलन्स्डच घ्या, कारण आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा भरवसा नसतो आणि लॅपटॉप चार्जिंगला लावला की बारीक गुणगुण सुरू होते. चार्जर काढून बघा, गुणगुण गेली तर इंटरफेसला दोष देऊ नका, अर्थिंग बघायला वायरमन बोलवा. घोडबंदर रोडला हायवेच्या बाजूला राहणाऱ्यांनी स्पीकरच्या आधी बंद कपाचे हेडफोन घ्यावेत, ट्रकच्या घरघरीत बेस आणि डग्गा नीट ऐकूच येत नाही, मग माणूस बेस वाढवत बसतो आणि तीच फाइल हॉलमध्ये लावली की गायक दबून जातो.

कुठून घ्यायचं तर ठाण्यात स्टेशनजवळ आणि नौपाड्यात कॉम्प्युटरची दुकानं भरपूर आहेत, पण ऑडिओ इंटरफेस वाजवून दाखवणारं दुकान मिळायला फिरावं लागतं. दादरला बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडला जायचं, तिथे निवड जास्त, घासाघीसही होते, पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या, तोंडी वॉरंटी चालवून घेऊ नका. जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या, त्यात आधीच साउंडफॉन्ट आणि आपल्या ओळखीच्या दोन-तीन मिडी फाइली ठेवा, एक पेडलवाली पियानोची, एक संथ अभंग, एक भरगच्च वाद्यवृंदाची, आणि रोजचेच हेडफोन न्या. दुकानातल्या डेमो गाण्यावर कुठलाही डबा छान वाजतो. हेडफोन लावून, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवून बघा, सूं ऐकू आली तर दुसरा पीस मागा.

ढोलकीचं मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तबल्यासारखंच दोन माइक लावून रेकॉर्ड केली, एकेक थाप सुटी ऐकली की झकास वाटते, पण लावणीच्या लयीत एकत्र वाजवली की शाईवरची थाप आणि धूमचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमार एकमेकांत जे मिसळतात ते सुट्या नमुन्यांतून येत नाही. त्यामुळे सध्या ढोलकीचा चॅनल मी म्यूट ठेवते, बाकी सगळं मिडीवर आणि ढोलकी वाजवायला माणूस, आणि काका दोन्ही बाजू एकत्र, पूर्ण आवर्तनंच्या आवर्तनं तीन-चार लयींत रेकॉर्ड करून बघू म्हणतायत, ते दिवाळीनंतर करणार आहोत.